'नाजूक' लिहिल्याने काच वाचत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोकणातले आगळ, घाटावरची लोणची, घरोघरी होणारे साखरांबे-मुरांबे, मध, तूप, मातीची भांडी, शाडूच्या मूर्ती असा सगळा माल आता बाजाराच्या टोपलीबरोबर कुरिअरच्या गोणीतूनही जातो. बचतगटांना आणि घरगुती उद्योजकांना यासाठी प्रशिक्षण मिळते. त्यात चव, स्वच्छता, अन्न परवाना, लेबल, फोटो, फोनवरून पैसे घेणे असे सगळे शिकवतात. खोका कसा भरायचा हे मात्र 'नीट पॅक करा' एवढ्यावर आटोपते, आणि नुकसान नेमके तिथेच होते. चार बरण्यांच्या खोक्यात एक फुटली की तिचे तेल बाकीच्या तिघींची लेबले खाते, पुठ्ठा भिजवते, आणि शेजारच्या पार्सलांची भरपाईही कधी कधी अंगावर येते. बरणीची किंमत गेली, दोन्ही बाजूंचे भाडे गेले, ग्राहक गेला. यातले बहुतेक नुकसान टाळता येण्यासारखे असते, म्हणून हे पत्र जरा लांबवून लिहीत आहोत.

सगळ्यात आधी लाल अक्षरांतल्या 'नाजूक'विषयी. पार्सल काउंटरवरून गोणीत जाते, गोणी टेम्पोत, टेम्पोतून मोठ्या केंद्रावर, तिथे सरकत्या पट्ट्यावर, पुन्हा ट्रकमध्ये, पुन्हा दुसऱ्या शहरातल्या केंद्रावर आणि शेवटी दुचाकीवरच्या पिशवीत. प्रत्येक टप्प्यावर ते उचलले आणि टाकले जाते. रात्रपाळीला शेकडो खोके उतरवणाऱ्या माणसाला प्रत्येक चिठ्ठी वाचायला वेळ नसतो, आणि यंत्राला तर ती वाचताच येत नाही. त्यामुळे पॅक करताना चार गोष्टी होणारच असे गृहीत धरावे : खोका कमरेच्या उंचीवरून कोपऱ्यावर पडेल, त्याच्यावर जड खोके रचले जातील, तो कधी आडवा तर कधी उलटा होईल, आणि रात्रभर ट्रकमध्ये थरथरत राहील. हे चारही सोसेल असा खोका भरला असेल तरच तो भरला म्हणायचा. चिठ्ठी लावूच नये असे नाही. पण मराठी अक्षरांपेक्षा काचेच्या प्याल्याचे आणि वर दाखवणाऱ्या दोन बाणांचे आंतरराष्ट्रीय चिन्ह लावावे, कारण पुढे माल हाताळणारा माणूस बहुधा मराठी वाचणारा नसतो.

काच फुटते ती पडल्यामुळे, असे आपण म्हणतो. नेमके सांगायचे तर ती फार थोड्या अंतरात थांबावे लागल्यामुळे फुटते. ७६ सेंमी उंचीवरून पडलेल्या बरणीला थांबायला फक्त २ मिमी मिळाले, तर तिच्यावर सरासरी तिच्या वजनाच्या ३८० पट जोर येतो. थांबायला २५ मिमी मिळाले तर तोच जोर सुमारे ३० पटींवर उतरतो. ८०० ग्रॅमच्या बरणीसाठी हा फरक ३०० किलो आणि २४ किलो यांतला आहे. पॅकिंगचे सगळे शास्त्र या २५ मिलिमीटरमध्ये आहे. कुठल्याही मऊ भरावाचा साधारण अर्धाच भाग दबून उपयोगी पडतो, म्हणून माल आणि खोक्याची बाहेरची भिंत यांच्यात सहाही बाजूंनी किमान ५ सेंमी भराव हवा, असा नियम आहे. सहाही बाजूंनी म्हणजे तळाला आणि वरसुद्धा. चारही बाजूंना छान कागद कोंबलेला आणि तळाला बरणी थेट पुठ्ठ्यावर टेकलेली, असे खोके सर्रास दिसतात. त्यातल्या बरणीला तळातून थांबायला पुठ्ठ्याच्या जाडीएवढीच जागा मिळते.

यावरून दुसरीही चूक कळते. भराव चेपून चेपून दगडासारखा केला तर तो दबणार कुठे? खोका गच्च हवा, म्हणजे हलवल्यावर आत काही सरकता कामा नये, पण तळहाताने दाबल्यावर भराव किंचित दबून परत वर आला पाहिजे. जड आणि बारकी वस्तू मऊ भरावात रुतत जाऊन तळाला टेकते, तर हलक्या वस्तूखाली कडक भराव दबतच नाही. बाटलीसाठी जो फोम चालतो तो पणतीसाठी चालत नाही, तो यामुळेच.

आता मालाकडे. खोका निवडण्याआधी बरणी स्वतः प्रवासाला तयार आहे का ते बघावे लागते, आणि इथे पॅकिंगपेक्षा स्वयंपाकघराचा भाग जास्त आहे. सरबताचा पाक किंवा मुरांबा ८५ अंश सेल्सिअसच्या वर गरम असताना, आधी गरम करून घेतलेल्या बरणीत भरून झाकण लावले, तर थंड झाल्यावर आत निर्वात तयार होतो आणि झाकणाच्या मधला उंचवटा आत बसतो. असे झाकण प्रवासात सहसा सुटत नाही. बरणी गार असताना उकळता पाक ओतला तर मात्र काचेला तिथेच केसासारखा तडा जाऊ शकतो. तो दिसत नाही, आणि पुढे पहिल्याच हिसक्याला बरणी दुभंगते. अशा वेळी दोष कुरिअरचा ठरतो. फिरकीच्या पत्र्याच्या झाकणाला आतून रबरासारखा थर असतो. तो एकदाच नीट बसतो, म्हणून जुनी झाकणे विक्रीच्या मालाला वापरू नयेत.

लोणच्याची गोष्ट वेगळी. ते थंडच भरतात, त्यामुळे निर्वात होत नाही, आणि तेल आट्यांमधून वाट काढते. भरून झाल्यावर बरणीची कड कोरड्या फडक्याने पुसून घ्यावी, कडेवर तेलाचा ओघळ राहिला तर झाकण कितीही आवळले तरी ते थरथरण्याने सैल होते. वरती १ ते सव्वा सेंमी जागा मोकळी सोडावी. उन्हात उभ्या ट्रकमध्ये तेल प्रसरण पावते, जागा नसेल तर झाकणाकडे रेटा येतो. विमानाने जाणाऱ्या मालावर बाहेरचा दाब कमी होतो, तिथे घट्ट झाकणच कामी येते. मग बरणी २४ तास कागदावर उलटी ठेवावी. कागदावर तेलाचा डाग दिसला तर ती बरणी पाठवायची नाही. साधे फॉइलचे सील प्लास्टिकच्या बरणीवर धरते, काचेला वेगळे फॉइल लागते, हे फॉइलचे यंत्र विकत घेण्याआधी विचारून घ्यावे. झाकणावर आकसणाऱ्या प्लास्टिकची पट्टी बसवली की झाकण फिरत नाही. आणि प्रत्येक बरणी स्वतंत्र प्लास्टिक पिशवीत घालून तोंड बांधावे. एक गळली तरी बाकीच्या वाचतात.

साखर कमी आणि टिकवणारा घटक नसलेले सरबत प्रवासात आंबते. आंबले की वायू तयार होतो आणि दाबाने झाकण उडते किंवा बाटली फुटते. हे पॅकिंगने आवरत नाही, पाकाच्या प्रमाणानेच आवरावे लागते.

काच हवीच का, याचाही विचार व्हावा. तुपाला, मधाला, भेट म्हणून जाणाऱ्या मुरांब्याला काच शोभते. रोजच्या आगळासाठी खाण्याच्या दर्जाची पीईटी प्लास्टिकची बाटली चालते, वजन कमी, भाडे कमी, फुटण्याची भीती नाही. काचेचा हट्ट धरायचा तर तिचा पॅकिंगखर्च विक्रीच्या किमतीत धरावा. तो 'वरखर्च' म्हणून सोडला की हातात काही उरत नाही.

आता खोका. पुठ्ठ्याचा खोका ३, ५ किंवा ७ प्लायचा असतो. ३ प्लाय म्हणजे दोन सपाट कागदांमध्ये एक नागमोडी थर, ५ प्लाय म्हणजे असे दोन थर. काचेसाठी ५ प्लायच घ्यावा. नुसते 'पाच प्लाय' म्हणून भागत नाही, कारण हलक्या कागदाचा ५ प्लाय हा चांगल्या ३ प्लायपेक्षा कमजोर निघतो. कागद किती जीएसएमचा आणि किती बीएफचा, हे विचारून बिलावर लिहून घ्यावे. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन. बीएफ म्हणजे कागद फाटायला लागणाऱ्या दाबाचे माप, आकडा जितका मोठा तितका कागद चिवट. खोका उभा ठेवल्यावर आतल्या नागमोडी नळ्या उभ्या असाव्यात. रचलेल्या मालाचे ओझे त्या नळ्या पेलतात आणि त्यातही बहुतेक ओझे चार उभ्या कोपऱ्यांवर येते. म्हणून कोपरा चेपलेला खोका वरून धडधाकट दिसला तरी कामाचा नसतो.

कोकणात आणि पावसाळ्यात सगळीकडेच आणखी एक शत्रू असतो : दमट हवा. पुठ्ठा सादळतो. ५० टक्के आर्द्रतेला खोक्याची जी ताकद असते ती ९० टक्के आर्द्रतेला साधारण निम्म्यावर येते, आणि हे खोका भिजलेला नसताना होते. शिवाय बरेच खोके स्टार्चच्या खळीने चिकटवलेले असतात. दमटपणात खळ मऊ होते आणि थर सुटू लागतात. खोक्यांचे गठ्ठे जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवायचे नाहीत. खाली फळ्या घालून, भिंतीपासून वीतभर लांब, वर प्लास्टिक टाकून ठेवायचे. जून ते सप्टेंबरमध्ये एका महिन्याला लागतील तेवढेच आणावेत. खोका बोटांनी दाबला आणि नागमोडी थराचा करकरीत आवाज आला नाही, तर तो हवेत वाळवून मगच वापरावा. पावसात बाहेरून पातळ प्लास्टिकचे आवरण घालावे, पण माल पूर्ण कोरडा असतानाच, नाहीतर ओल आत कोंडून राहते.

जुने खोके वापरावेत का? सफरचंदाचे, दारूचे खोके स्वस्तात मिळतात आणि दारूच्या खोक्यात खणही असतात. पण एकदा ओझे सोसलेल्या पुठ्ठ्याच्या नळ्या दबलेल्या असतात, ताकद परत येत नाही. जवळच्या गावाला, न फुटणाऱ्या मालाला खुशाल वापरावेत. काचेला नको. आणि वापरलाच तर जुना पत्ता, जुना बारकोड पूर्ण झाकावा. यंत्राने जुना कोड वाचला तर पार्सल भलत्याच गावाला जाते.

बरणी गुंडाळण्याविषयी. बुडबुड्यांचा बबल रॅप दोन ते तीन वेढे, बुडबुडे आतल्या बाजूला. तळ आणि झाकण या दोन ठिकाणी कड दुमडून एक थर जास्त. सर्वांत स्वस्त बबल घेतला की त्यातली हवा वरच्या ओझ्याखाली हळूहळू निघून जाते आणि पार्सल पोचते तेव्हा तो साधा प्लास्टिक कागद झालेला असतो. अंगठ्याने एक बुडबुडा दाबून किती जोर लागतो ते दुकानातच बघावे. रंगवलेल्या किंवा चकाकी असलेल्या वस्तूला बबल थेट लावू नये. उन्हात त्याचे गोल वण उमटतात. आधी बटर पेपर, मग बबल.

एकाच खोक्यात एकापेक्षा जास्त बरण्या असतील तर काचेला काच लागता कामा नये. काच काचेवर आपटली की दोन्ही बाजू कडक, थांबायला अंतरच नाही. बरण्यांमध्ये पुठ्ठ्याच्या पट्ट्या एकमेकींत अडकवून केलेली खणांची जाळी घालावी. जाळीची उंची आतल्या खोक्याच्या उंचीइतकी हवी. ती बरणीच्या खांद्यापर्यंतच असेल तर वरून आलेले ओझे थेट झाकणांवर येते. जाळी पूर्ण उंचीची असली की तीही ओझे पेलते.

भराव काय घालावा, यावर प्रत्येकाचे मत असते. वर्तमानपत्राचे बोळे स्वस्त आणि चांगले, फक्त ते मुठीत आवळून घट्ट केलेले हवेत. सैल बोळे ट्रकच्या थरथरीने बसतात, वर पोकळी तयार होते आणि बरणी तिकडे सरकते. वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या लेबलला लागते, म्हणून मालाला थेट टेकू द्यायचे नाही. कागदाचे कातरण दिसायला सुंदर, पण जड वस्तू त्यातून सरळ तळाला जाते. ते वरच्या सजावटीपुरते. थर्माकोल पहिला फटका चांगला सोसतो, मग चेपतो आणि पुन्हा उभा राहत नाही. ईपीई या लवचिक फोमची पाटी परत फुगते, जड बाटलीसाठी तीच योग्य. गवत आणि पेंढा कोकणात मुबलक, पण त्यात ओल आणि किडे दोन्ही असतात, आणि परदेशी जाणाऱ्या मालात बऱ्याच देशांच्या सीमेवर तो अडवला जातो.

महागड्या आणि अतिशय नाजूक वस्तूला खोक्यात खोका. आतला खोका मालासकट पूर्ण भरून बंद करायचा, मग बाहेरच्या मोठ्या खोक्यात सहाही बाजूंनी ५ ते ७ सेंमी भराव घालून तो मधोमध बसवायचा. बाहेरचा कोपरा चेपला तरी आतला शाबूत राहतो.

भाड्याचा हिशोब इथे येतोच. बहुतेक कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात. जे येते ते आकारमानी वजन. खरे वजन आणि आकारमानी वजन यांत जे जास्त, त्याचे भाडे. काही ठिकाणी भाजक वेगळा असतो, तो आधी विचारावा. अर्ध्या किलो लोणच्याच्या चार बरण्या, जाळी आणि भराव मिळून साधारण ३.७ किलो भरतात. खोका ३० × ३० × २४ सेंमी घेतला तर आकारमानी वजन ४.३२ किलो. खोका २७ × २७ × २० सेंमी केला तर २.९ किलो, पण तेव्हा भाडे लागणार खऱ्या ३.७ किलोचेच. म्हणजे काचेत भरलेल्या जड मालाला खोका लहान करून फार तर अर्ध्या किलोच्या आसपास वाचते, आणि त्यासाठी भरावाची सुरक्षा जाते. मातीच्या पणत्या, कागदी कंदील यांसारख्या हलक्या मालाचे उलट आहे. तिथे एका बाजूने ५ सेंमी वाढले की भाड्याचा टप्पा बदलतो, म्हणून वस्तूंची मांडणी बदलून खोका लहान करणे फायद्याचे. आकाराचा हा हिशोब मालाची किंमत ठरवायच्या आधी कागदावर मांडला पाहिजे.

खोका बंद करताना ४८ मिमी किंवा ७२ मिमी रुंदीचा चिकट टेप, इंग्रजी एच अक्षरासारखा लावायचा : मधल्या फटीवर एक पट्टी, दोन्ही टोकांच्या फटींवर एकेक, वरही आणि तळालाही. प्रत्येक पट्टी बाजूवर किमान ५ ते ७ सेंमी उतरली पाहिजे. टेप लावून वरून तळहात दाबून फिरवावा. धूळ असलेल्या किंवा दमट पुठ्ठ्यावर हा टेप धरत नाही, पुसून मगच लावावा. तळाला एकच पट्टी मारून वर चार पट्ट्या मारणारे पुष्कळ जण असतात. माल पडतो तो तळातून. सुतळी बांधू नये, ती सरकत्या पट्ट्यात अडकते आणि खोका ओढला जातो.

पत्ता छापील असावा, वरच्या सर्वांत मोठ्या बाजूवर, घडीवर नाही. बारकोड कडेवर वळवायचा नाही. औष्णिक (शाईविना, उष्णतेने होणाऱ्या) छपाईच्या लेबलवर चिकट टेप मारला तर काही दिवसांत छपाई फिकी होते, तेव्हा बारकोडवर टेप नको. पत्त्याची एक प्रत खोक्याच्या आतही ठेवावी.

एवढे झाल्यावर खोका तपासायचा. आधी दोन्ही हातांनी कानाजवळ जोरात हलवावा. खुळखुळ आली किंवा आतले वजन सरकल्याचे जाणवले तर उघडून पुन्हा भरायचा. मग प्रत्येक नव्या मालाच्या पहिल्या खोक्यात बरण्यांत पाणी भरून तो सिमेंटच्या जमिनीवर टाकून बघावा. १० किलोच्या आतल्या खोक्यासाठी आंतरराष्ट्रीय चाचणीत उंची ७६ सेंमी धरतात आणि दहा वेळा टाकतात : एकदा तळाच्या कोपऱ्यावर, त्या कोपऱ्यापासून निघणाऱ्या तीन कडांवर एकेकदा, आणि सहाही बाजूंवर एकेकदा. दहा आपट्यांनंतर खोका उघडून प्रत्येक बरणी बघायची. कुठे फुटले यावरून कारण कळते. तळ फुटला तर तळाचा भराव कमी. बरण्यांच्या एकमेकींकडच्या बाजूंना तडे असतील तर जाळी सैल. खांदा किंवा मान फुटली तर वरचे ओझे झाकणावर येते आहे. काहीच फुटले नाही पण झाकणाभोवती ओल आहे, तर दोष भरणीचा. थरथरीची परीक्षा म्हणून तोच खोका गावातल्या दुधाच्या किंवा मालाच्या टेम्पोत एक दिवस मागे ठेवून फिरवावा. मुंबईत अंधेरीला १९६६ पासून चालत असलेली भारतीय पॅकेजिंग संस्था आहे. मोठी ऑर्डर असेल तर तिथे खोक्याची रीतसर तपासणी करून घेता येते.

मातीच्या वस्तूंविषयी थोडे. ताटे-थाळ्या आडव्या एकावर एक रचू नयेत, उभ्या लावाव्यात. आडव्या थाळीचा मधला भाग वाकून तुटतो, उभी थाळी कडेवर बराच जोर घेते. कप, मडके, सुरई यांच्या पोकळीत आधी कागद भरावा, मग बाहेरून गुंडाळावे. कान, चोच, मूठ यांच्याभोवतीची जागा भरावी, पण त्यांच्यावर दाब येऊ देऊ नये. झाकण भांड्यावर ठेवून पाठवणे म्हणजे तुकड्यांची हमी, झाकण वेगळे गुंडाळावे.

पेण आणि हमरापूर परिसरातून गणेशमूर्ती देशात आणि परदेशातही जातात. शाडूची मूर्ती भाजलेली नसते. वाळलेली माती ती. ती ओझ्यापेक्षा वळवल्याने तुटते : सोंड, बोटे, कान, मुकुटाचे टोक. अशा मूर्तीचे सगळे वजन पाटावर राहिले पाहिजे. पाट खालच्या प्लायवूडच्या फळीला चारही बाजूंनी लाकडी पट्ट्यांनी बंदिस्त करावा, पाठीला आणि खांद्यांना फोमचा टेकू द्यावा, आणि सोंडेला, हाताला काहीही टेकू देऊ नये. हाताखालच्या पोकळीत मऊ कागद हलका ठेवता येतो, ठासायचा नाही. रंग पूर्ण वाळल्याशिवाय प्लास्टिक गुंडाळू नये, नाहीतर ते रंगाला चिकटते आणि आत घाम धरतो. समुद्रमार्गे जाणाऱ्या कंटेनरमध्ये दिवस-रात्रीच्या तापमानाने छताला पाणी धरून ते थेंब थेंब खाली पडते, त्यामुळे वरून पाणी न शिरणारे आवरण आणि आत ओल शोषणाऱ्या पुड्या दोन्ही हव्यात. परदेशी जाणारा क्रेट साध्या लाकडाचा असेल तर ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवून किंवा मान्य अशा दुसऱ्या पद्धतीने निर्जंतुक करून शिक्का मारलेले लागते. प्लायवूडला हा नियम लागू नाही. लहान मूर्तींसाठी म्हणूनच प्लायवूड सोयीचे.

शेवटी नुकसानभरपाईचे. कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७ हा कायदा रस्त्याने माल नेणाऱ्या वाहकांना लागू आहे आणि त्याच्या व्याख्येत कुरिअर एजन्सीही येते, सरकारी टपाल मात्र येत नाही. २०११ च्या नियमांप्रमाणे वाहकाची जबाबदारी सामान्यतः भाड्याच्या दहापटीपर्यंत, आणि तीही जाहीर केलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. १२० रुपये भाड्याच्या पार्सलला यातून कमाल १,२०० रुपये. जास्त किमतीचा माल असेल तर किंमत जाहीर करून जास्त जोखमीचा दर भरावा लागतो. पावतीवर 'ओनर्स रिस्क' (जोखीम मालकाची) लिहिले आहे की 'कॅरिअर्स रिस्क' (जोखीम वाहकाची), हे काउंटरवरच वाचावे. विमा काढला तर काचेची मोडतोड त्यात धरली आहे का ते विचारावे, बऱ्याचदा ती वगळलेली असते. न्यायालयात जायचे तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत वाहकाला लेखी नोटीस पोचलेली असणे आवश्यक आहे. फोनवरच्या तक्रारीला नोटीस म्हणत नाहीत. दावा नाकारताना 'पॅकिंग अपुरे होते' हे उत्तर हमखास मिळते. ते खोडायला पुरावा लागतो : गुंडाळलेली बरणी, जाळी, तळाचा आणि वरचा भराव, बंद खोका आणि काट्यावरचे वजन यांचे फोटो. प्रत्येक ऑर्डरला पाच फोटो काढायला दोन मिनिटे पुरतात. ग्राहकालाही आधीच कळवावे की फुटलेला माल आला तर खोका, भराव, सगळे तसेच ठेवून फोटो काढावेत, काही टाकू नये.

आता मागणी. जिल्हा उद्योग केंद्रे, उमेद (राज्याचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान) आणि माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) यांच्यामार्फत होणाऱ्या प्रशिक्षणांत पॅकिंगचा एक पूर्ण दिवस असावा, भाषणाचा नव्हे तर आपटून बघण्याचा : प्रत्येक गटाने आपला खोका आणायचा, तो सर्वांसमोर दहा वेळा टाकायचा, उघडायचा, आणि कारण शोधून पुन्हा भरायचा. दुसरे, खोक्यांची खरेदी एकत्र व्हावी. पुठ्ठ्याचे कारखाने एका मापाचे काही शे नग एकदम घेतल्याशिवाय माप करून देत नाहीत, त्यामुळे एकटा गट महाग आणि चुकीच्या मापाचे खोके किरकोळीत घेतो. तालुक्यातल्या गटांनी बरण्यांची दोन-तीन मापे ठरवून घेतली तर तीन मापांचे ५ प्लाय खोके आणि त्यांच्या जाळ्या एकत्र मागवता येतील आणि कोरड्या जागी ठेवता येतील. तिसरे, डाकघर निर्यात केंद्रांच्या काउंटरवर स्वीकारण्याजोग्या पॅकिंगचा एक उघडा नमुना खोका ठेवावा. परदेशी माल पाठवायला पहिल्यांदा आलेल्या माणसाला लेखी सूचनांपेक्षा तो हातात घेऊन जास्त कळेल.

आपल्या वृत्तपत्राच्या उद्योगविषयक पानावर या मागण्यांचा पाठपुरावा व्हावा, ही विनंती.

कळावे,
आपले,
पॅकिंग व्यवसायातील काही वाचक,
चिपळूण